मलिक अंबर

मलिक अंबर (अंदाजे इ.स. १५४८ – इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वंशाचा वजीर व सेनानी होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे सुमारे पाव शतक दख्खनच्या राजकारणाचा सूत्रधार ठरला.

पूर्वजीवन
अंबरचा जन्म इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू होते. बालपणीच त्याची गुलाम म्हणून विक्री झाली. बगदादमध्ये त्याने इस्लाम स्वीकारला व शिक्षण घेतले. पुढे निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही हबशी होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून मुक्त झाला.

निजामशाहीतील कारकीर्द
इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. तेव्हा अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशाहास परांडा येथे गादीवर बसवून राज्य सावरले. समोरासमोरची लढाई टाळून शत्रूची रसद तोडण्याचे गनिमी तंत्र त्याने मराठा घोडदळाच्या साहाय्याने प्रभावीपणे वापरले. इ.स. १६२४ मध्ये भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे भोसले निजामशाहीच्या बाजूने लढले.

प्रशासन
इ.स. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर होय. तेथील नहर-ए-अंबरी या भूमिगत जलवाहिन्या त्याच्या योजकतेची साक्ष देतात. जमिनीची प्रतवारी व उत्पन्न पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धतही प्रसिद्ध आहे.

मृत्यू व स्मरण
इ.स. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर खुलताबाद येथे आहे.

जहांगीरच्या दरबारी चित्रकार अबुल हसन याने बादशहा अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडत असल्याचे चित्र रंगवले. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. जहांगीरच्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख तिरस्काराने येतो; मात्र त्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या मृत्यूनंतर त्याची योग्यता मान्य केली. संस्कृत 'शिवभारत' काव्यात भातवडीच्या लढाईचे वर्णन आहे. अशा विखुरलेल्या, बहुतांशी प्रतिपक्षाने जपलेल्या साधनांतूनच त्याचे चरित्र उभे राहते.

इ.स. २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातील शोम्बर्ग संशोधन केंद्राने भारतातील आफ्रिकी वंशीयांवर प्रदर्शन भरवले. जुन्या चित्रांच्या प्रतिकृतींतून गुलाम ते सेनापती व राज्यकर्ते हा प्रवास त्यात मांडला होता, आणि त्यात मलिक अंबरला महत्त्वाचे स्थान मिळाले. कृष्णवर्णीयांच्या जागतिक इतिहासात दख्खनच्या या वजिराची नोंद त्यामुळे अधिक ठळक झाली.