धर्मानंद कोसंबी : काठमांडू ते लेनिनग्राड

ग्वाल्हेरवरून काशीस विद्येसाठी गेलेल्या मराठी माणसांची यादी केली तर ती बरीच लांब होईल. इ. स. १९०० च्या सुमारास या वाटेने गेलेला गोव्याचा एक तेवीस वर्षांचा तरुण मात्र त्या यादीत सहसा कोणी घालीत नाही. तो म्हणजे धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. शालेय शिक्षण जेमतेम, प्रकृती तोळामासा, आणि काम घरच्या नारळीच्या बागा सांभाळण्याचे. अशात ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्रावरचा लेख त्यांच्या हाती पडला आणि बुद्धाचा धर्म मुळापासून समजून घ्यायचा, असे त्यांनी ठरविले. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते निघाले. आपण या प्रसंगाला वैराग्य म्हणून मोकळे होतो. पण बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, याचाही विचार वाचकाने करावा.

पुण्यात डॉ. भांडारकरांची भेट, मग उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करीत काशी. तेथे अन्नछत्रात जेवायचे आणि संस्कृत शिकायचे, असा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. उत्तरेकडील पौष-माघाची थंडी काय असते, हे आपणा ग्वाल्हेरकरांस सांगावयास नको; समुद्रकाठच्या माणसाला ती किती बोचली असेल!

फेब्रुवारी १९०२ मध्ये ते नेपाळला निघाले. बुद्धाच्या जन्मभूमीत बौद्ध धर्म जिवंत असेल, ही आशा. तेव्हा काठमांडूची वाट म्हणजे तराईचे जंगल आणि पुढे भीमफेदी, चंद्रागिरी असे पायांची परीक्षा पाहणारे चढ. एवढे करून जे दिसले त्याने मन विटले. ज्या धर्माच्या शोधात ते आले होते तो तेथे त्यांना सापडला नाही. दुसरा एखादा घरी परतला असता. हे बोधगयेस गेले, कलकत्त्यास गेले, आणि तेथून सिंहलद्वीपास. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांजवळ पालीचा अभ्यास सुरू झाला व त्याच वर्षी त्यांनी दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात ते भिक्षूंबरोबर राहिले.

१९०६ साली चीवर उतरवून ते पुन्हा गृहस्थ झाले. कलकत्त्याचा चांगला पगार सोडून बडोद्याच्या सयाजीरावांचे दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून मराठीत लिहावयाचे होते. १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले. तेथे प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून बिनसले. १९१२ ते १९१८ फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली. ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नारळी मोजणाऱ्या मुलाचा हा प्रवास त्यांनी इतक्या साध्या भाषेत सांगितला आहे की शाळकरी मुलानेही सहज वाचावा.

वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९२९ मध्ये, त्यांनी लेनिनग्राडचे आमंत्रण स्वीकारले. बौद्ध विद्येचे पंडित श्चेर्बात्स्की यांनी तेथे मोठे कार्य उभारले होते, आणि समाजवादाचे कोसंबींना अमेरिकेपासून आकर्षण होते. पण ते शहर साठाव्या अक्षांशाजवळचे. ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा. नेवा नदी नोव्हेंबरअखेरीस गोठली की बहुधा एप्रिलपर्यंत मोकळी होत नाही. अशा बर्फात पाली शिकवायची! शरीराने साथ दिली नाही आणि १९३० च्या आरंभी ते परतले. परतले ते अंथरूण धरण्यासाठी मात्र नव्हे. त्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते शिरोड्यास आणि विलेपार्ल्याच्या छावणीत होते, तुरुंगातही गेले.

शेवटी प्रकृती खालावली. दुसऱ्यांवर भार होऊन जगण्यापेक्षा अन्नत्यागाने देह ठेवावा, असा निश्चय त्यांनी १९४६ मध्ये केला. गांधीजींनी तेव्हा त्यांना परावृत्त केले, पण निश्चय मनातून गेला नाही. जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात, उपवासाचे सुमारे तीस दिवस काढून, त्यांनी देह ठेवला. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी प्रकाशित झाले.