मोटेपासून पंपापर्यंत : अल्फ्रेड चॅटर्टन यांनी मोजलेली मद्रासची विहीर

चेन्नई : एग्मोर रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर, पूनमल्ली मार्गावर, शासकीय ललित कला महाविद्यालय आहे. चित्रकार आणि शिल्पकार घडविणारी संस्था म्हणून आज ते देशभर ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मात्र, 'स्कूल ऑफ आर्ट्स' या जुन्या नावाने चालणाऱ्या या संस्थेच्या कार्यशाळांत ॲल्युमिनियमची भांडी ठोकली जात होती आणि नव्या पद्धतीने चामडे कमावले जात होते. या प्रयोगांमागे अल्फ्रेड चॅटर्टन हे इंग्रज अभियंते होते. भारतीय उद्योगधंद्यांच्या इतिहासात सरकारी उद्योगखात्याचे आद्य पुरस्कर्ते म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. शेतीच्या इतिहासात त्यांची नोंद वेगळ्या कारणासाठी व्हावयास हवी. यंत्र शेतावर नेण्याआधी तेथील विहीर, तेथील बैल आणि तेथील शेतकऱ्याची ऐपत मोजली पाहिजे, हे त्यांनी जाणले होते.

चॅटर्टन यांचा जन्म १८६६ सालचा. लंडनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १८८८ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हे महाविद्यालय त्या वेळी चेपॉक भागात होते. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाला तेव्हा जेमतेम दहा वर्षे लोटली होती. मद्रास इलाख्यातील लक्षावधी माणसे त्या दुष्काळात मृत्युमुखी पडली होती. नद्यांच्या मुखाजवळच्या सुपीक प्रदेशाला कालव्यांचे पाणी मिळत होते. उंचावरील कोरडवाहू जिल्ह्यांना तलाव आणि विहिरी यांवाचून आधार नव्हता. तलाव पावसावर भरत आणि दुष्काळात सर्वांत आधी तेच आटत. अखेरचा भरवसा उरे तो विहिरीचाच.

शेतीसुधारणेचे सरकारी प्रयत्न मद्रासमध्ये त्याआधीच होऊन गेले होते. गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांच्या पुढाकाराने १८६५ मध्ये शहरालगतच्या सैदापेट येथे प्रायोगिक शेत सुरू झाले. त्यासाठी इंग्लंडहून वाफेचे नांगर, मळणीयंत्रे आणि पेरणीची अवजारे आणविण्यात आली. ही अवजारे विलायतेतील विस्तीर्ण शेतांसाठी आणि दणकट घोड्यांसाठी घडविलेली होती. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या जमिनीवर, लहान चणीच्या बैलांच्या जोरावर ती चालणे कठीण होते, आणि मोडली तर गावचा लोहार ती दुरुस्त करू शकत नव्हता. शेतकऱ्यांनी ती स्वीकारली नाहीत. त्याचा दोष बराच काळ शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलला गेला. कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी देशभर फिरून १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या समजाला छेद दिला. भारतीय शेतकरी आपल्या परिस्थितीत पुष्कळच कुशलतेने शेती करतो, उणीव आहे ती साधनांची आणि पाण्याची, असा त्यांचा निष्कर्ष होता.

चॅटर्टन यांनी विहिरीच्या प्रश्नाला हात घातला तो याच काळात, आणि तोही मापनापासून. तमिळ प्रदेशात पाणी उपसण्याच्या दोन मुख्य पद्धती होत्या. एकीत तुळईसारख्या आडव्या लाकडावर माणूस पुढेमागे चालत असे आणि त्याच्या भाराने बादली वरखाली होई. दुसरी कवलै, म्हणजे महाराष्ट्रातील मोटेचीच बहीण. चामड्याची पखाल, नाडा, उतरती धाव आणि ती धाव उतरणारी बैलजोडी, हा सारा संसार मराठी शेतकऱ्याला ओळखीचा वाटावा असाच होता. बैलजोडी दिवसभरात किती पाणी किती उंचीवर चढविते, त्यात किती शक्ती वाया जाते आणि एका एकराच्या पाण्याला किती खर्च येतो, याचे हिशेब चॅटर्टन यांनी मांडले. देशी साधनाला नाक मुरडण्यापूर्वी ते आपले काम किती चोख करते, हे पाहणे त्यांना आवश्यक वाटले.

या हिशेबात लहान शेतकऱ्याचे सारे दुखणे होते. एक एकर जमिनीवर एक इंच पाणी द्यायचे तर सुमारे एक लाख लिटर पाणी लागते. दीडशे लिटरची मोट धरली, तर तेवढ्या पाण्यासाठी जवळजवळ सातशे खेपा कराव्या लागतात. मिनिटाला एक खेप पडली तरी बैलांना साडेअकरा तास धाव चढावी-उतरावी लागते. म्हणूनच एका मोटेखाली एक-दोन एकरांहून अधिक बागायत सहसा होत नसे. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की खेपा मंदावत, चारा महाग होई आणि नेमक्या गरजेच्या वेळी बैल थकून जात. दुष्काळात बैल मेला, तर विहिरीत पाणी असूनही पीक वाळे.

सुधारणेची सुरुवात त्यांनी मोटेच्या जवळच्या वस्तूपासून केली. मद्रासमध्ये कातडी कमावण्याचा मोठा धंदा होता. तरवडाच्या सालीने कमावलेली कातडी तेथून परदेशी जात आणि त्यावरील अखेरचे संस्कार बहुधा तिकडेच होत. चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास स्कूल ऑफ आर्ट्समध्ये क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे प्रयोग सुरू केले. असे चामडे पाण्यात सतत भिजूनही लवकर कुजत नाही. त्यामुळे चपलांप्रमाणेच मोटेच्या पखालींसाठीही त्याचा उपयोग होऊ लागला. पाण्यात दिवस काढणारी पखाल वारंवार बदलणे हा शेतकऱ्याच्या खर्चातील कायमचा काटा होता. नव्या चामड्याने विहीर, बैल, धाव यांपैकी काहीही न बदलता तो खर्च कमी करण्याची सोय झाली. यासाठी शेतकऱ्याला नवे काही शिकावे लागत नव्हते, कर्जही काढावे लागत नव्हते.

दुसरे पाऊल इंजिनाचे होते. १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगाने दुष्काळनिवारणासाठी विहिरींना उत्तेजन देण्यावर भर दिला. त्याच सुमारास, १९०२ च्या आसपास, चॅटर्टन यांनी मद्रासजवळच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात तेलावर चालणारे इंजिन आणि केंद्रोत्सारी पंप विहिरीवर बसवून पाहिले. कागदावर इंजिनाचा विजय निर्विवाद होता. तीन अश्वशक्तीच्या इंजिनाची निम्मी शक्ती वाया गेली असे धरले, तरी सहा मीटर खोलीवरील एक लाख लिटर पाणी ते सुमारे दीड तासात वर आणू शकते. बैलांचे दिवसभराचे काम त्यामुळे सकाळच्या न्याहारीपूर्वी संपले असते.

प्रत्यक्षात विहिरीने आपल्या अटी पुढे केल्या. पहिली अट हवेच्या दाबाची. असा पंप पाणी खालून ओढतो ते फार तर सहा-सात मीटर. विहिरीची पातळी ऋतूप्रमाणे बदलते. त्यामुळे पंप काठावर ठेवून भागत नाही. विहिरीच्या आत, पाण्यालगत त्याची बैठक बांधावी लागते आणि पावसाळ्यात ती बुडणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते. दुसरी अट झऱ्याची. मोटेच्या संथ उपशाला पुरेल एवढाच झरा असलेली विहीर इंजिन तासाभरात कोरडी करते आणि मग यंत्र पाणी भरण्याची वाट पाहत उभे राहते. म्हणून विहिरीच्या तळाशी बोअर घेऊन पाण्याचा ओघ वाढविणे हे इंजिनाइतकेच महत्त्वाचे ठरले. आधी विहिरीला पाणी किती येते ते पाहावे आणि त्या मापाने इंजिन निवडावे, हा क्रम त्यातून सिद्ध झाला.

तिसरी अट पैशाची आणि कारागिराची होती. इंजिन विकत घेणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून सरकारी तगाईचा मार्ग खुला करण्यात आला. इंजिन बंद पडले तर दुरुस्तीसाठी माणूस हवा, सुटे भाग हवेत, इंधन गावापर्यंत पोहोचावयास हवे. पंप आणि बोअर यांच्या कामासाठी म्हणूनच सरकारी यंत्रणा उभी राहिली. सैदापेटच्या शेतावर जे कोणी केले नव्हते, ते येथे झाले. यंत्रामागोमाग त्याचा सांभाळ करणारी व्यवस्थाही गावाकडे निघाली.

१९०८ हे वर्ष मद्रासच्या दृष्टीने घडामोडींचे होते. त्या वर्षी एग्मोरचे नवे भव्य रेल्वे स्थानक सुरू झाले आणि चेंगलपट्टूपासून तंजावरकडील जिल्ह्यांपर्यंतची वाहतूक तेथून होऊ लागली. त्याच वर्षी उटकमंड येथे औद्योगिक परिषद भरली आणि त्यानंतर चॅटर्टन यांच्या नेतृत्वाखाली मद्रासमध्ये स्वतंत्र उद्योगखाते आकाराला आले. सरकारने नवा धंदा स्वतः करून दाखवावा, तो स्थिरावला की खासगी हातांत सोपवावा, असे चॅटर्टन यांचे धोरण होते. ॲल्युमिनियमचा धंदा त्यांनी याच रीतीने खासगी कंपनीकडे दिला होता. मद्रासमधील युरोपीय व्यापाऱ्यांना मात्र सरकार स्पर्धेत उतरलेले रुचले नाही. त्यांच्या तक्रारी लंडनपर्यंत पोहोचल्या. १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी सरकारने उद्योग चालविण्यास नकार दिला आणि खाते गुंडाळले गेले. क्रोम चामड्याचा कारखाना रेवा संस्थानाच्या अधिपतींना विकण्यात आला.

निराश होऊन मायदेशी परतण्याऐवजी चॅटर्टन १९१२ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले. त्याच वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथे दिवाण झाले होते. १९१६ मध्ये तेथे सुरू झालेल्या चंदनतेलाच्या कारखान्याच्या उभारणीत चॅटर्टन यांचा वाटा होता. त्याच वर्षी नेमलेल्या भारतीय औद्योगिक आयोगावर पंडित मदनमोहन मालवीय आणि सर दोराबजी टाटा यांच्यासमवेत त्यांचीही नियुक्ती झाली. १९१८ च्या अहवालात या आयोगाने प्रांतोप्रांती उद्योगखाती असावीत अशी शिफारस केली. मोर्ले यांनी जे नाकारले होते, ते आठ वर्षांत राष्ट्रीय धोरणाच्या मसुद्यात आले. चॅटर्टन यांना पुढे 'सर' हा किताब मिळाला. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. इंजिन-पंप घेऊ शकले ते प्रामुख्याने बऱ्यापैकी जमीन आणि तारण असलेले शेतकरी. दीड-दोन एकरांच्या धन्याला इंजिन परवडत नव्हते आणि त्याच्या विहिरीला इंजिनाजोगे पाणीही नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याजोगी होती ती क्रोम चामड्याची पखाल. मोठ्या यंत्राची कीर्ती मोठी झाली, तरी लहान शेताला आधी लागतो तो लहान बदल, हा धडा त्यांच्याच कामातून मिळतो.

इंजिन लहान शेतकऱ्याच्या जवळ आले ते यंत्र देशात बनू लागल्यावर आणि वीज गावात पोहोचल्यावर. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये केंद्रोत्सारी पंप तयार झाला. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र यांच्याद्वारे त्या कारखान्याने शेतकऱ्याचा विश्वास आधीच संपादन केला होता. १९३२ मध्ये निलगिरीतील पायकारा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. कोईमतूर परिसरात विजेचे पंप वाढले आणि पुढे ते शहर पंपनिर्मितीचे केंद्र बनले. मोटेची धाव हळूहळू ओस पडली आणि थारोळ्यात पंपाची धार पडू लागली.

आज तमिळनाडूप्रमाणेच महाराष्ट्रातही प्रश्न उलटा झाला आहे. उपशाची शक्ती मुबलक आहे आणि भूजल खोल जात आहे. मोटेला विहिरीची मर्यादा आपोआप कळत असे, कारण बैल थकत. पंप थकत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मद्रासच्या विहिरींवर ठरलेला क्रम, म्हणजे आधी झऱ्याचे माप आणि मग यंत्राची निवड, म्हणूनच अजून जुना झालेला नाही.