सुवर्णमुखी संत योहान

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आमच्या देवळाच्या दात्यांचीं नांवें आम्ही कृतज्ञतेनें स्मरत आहों. अशा वेळीं ख्रिस्तसभेच्या कारभारांत धनिकांचें वजन किती असावें, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस संत योहान क्रिसोस्तम यांच्या चरित्रांत सांपडतें.

सुमारें ३४९ सालीं अंत्युखिया नगरीं त्यांचा जन्म झाला. बालपणींच पितृछत्र हरपलें. विधवा माता अंथुसा हिनें त्यांचें संगोपन केलें. ३८६ सालीं ते धर्मगुरु झाले. त्यांच्या ओजस्वी वाणीमुळें पुढें त्यांस सुवर्णमुखी हें नांव पडलें.

३९८ सालीं प्रबळ मंत्री युट्रोपियस याच्या पुढाकारानें ते राजधानी कॉन्स्टॅंटिनोपलचे बिशप झाले. परंतु पद देणाऱ्याचे ते मिंधे झाले नाहींत. निवासाचा डामडौल त्यांनीं कमी केला, मेजवान्या बंद केल्या आणि वांचलेला पैसा रुग्णालयांकडे वळविला. उपदेशांत त्यांनीं श्रीमंतांच्या चैनीवर कोरडे ओढले. आशिया प्रांतांत पैसे देऊन पद मिळविलेल्या सहा बिशपांस त्यांनीं पदच्युत केलें. तरी धनिकांविषयीं त्यांच्या मनांत द्वेष नव्हता. ३९९ सालीं सत्ताभ्रष्ट युट्रोपियस वेदीच्या आश्रयास आला, तेव्हां त्यांनींच त्यास अभय दिलें. ओलिंपिया ही अतिश्रीमंत विधवा त्यांची निष्ठावंत साहाय्यक होती. आपलें धन गरजवंतांसच द्यावें, असा सल्ला त्यांनीं तिला दिला.

दुखावलेल्या धनाढ्य स्त्रिया, सम्राज्ञी युडोक्सिया व अलेक्झांड्रियाचे बिशप थिओफिलस हीं सारीं त्यांच्याविरुद्ध एक झालीं. ४०३ सालीं त्यांस पदच्युत करण्यांत आलें. लोकांत क्षोभ उसळल्यामुळें त्यांना लगेच परत आणावें लागलें. परंतु ४०४ सालीं कायमची हद्दपारी नशिबीं आली. दूरच्या प्रवासाची सक्ती सोशीत १४ सप्टेंबर ४०७ रोजीं कोमाना येथें त्यांनीं देह ठेविला. ४३८ सालीं त्यांचे अवशेष राजधानींत आणले गेले, तेव्हां युडोक्सियाचा पुत्र सम्राट थिओडोसियस यानें नतमस्तक होऊन मातापित्यांसाठीं क्षमा याचिली.

ज्यानें देवळास दिलें, त्यानें तें देवास दिलें. त्या दानाच्या मोबदल्यांत आपला शब्द चालावा, अशी इच्छा आमच्या मनांत कधीं डोकावली असेल, तर ती आम्ही या संताच्या चरणीं टाकूं. आणि आमच्या धर्मगुरूंस निर्भयपणें सत्य बोलण्याचें बळ लाभो, अशी प्रार्थना करूं.