विनातारण कर्ज

बँकेच्या नोकरीने मला एक वाईट खोड लावली. समोर माणूस आला की आधी त्याचा सातबारा दिसायचा, चेहरा मागाहून. १९९० च्या आसपासची गोष्ट. बीडजवळच्या आमच्या पाली गावचा एक तरुण पैलवान माझ्या शाखेत आला. जत्रांच्या फडात नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून तो मॅटवरच्या स्पर्धेपर्यंत पोहोचला होता. प्रवासाला आणि खुराकाला थोडे पैसे हवे होते. जमीन नाही, जामीनदार नाही. नियमावर बोट ठेवून मी त्याला परत पाठवले. त्या रात्री मला खाशाबा जाधव आठवले आणि झोप लागली नाही.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने जाता आले. तांबड्या मातीत वाढलेला हा गडी तिथे मॅटवर उतरला. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाकडून त्यांनी नवे नियम समजून घेतले आणि सहावा क्रमांक मिळवला.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले, पण वाटखर्चाची वानवा होती. सरकारी मदतीची आशा फोल ठरली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हे वाचताना माझ्यातला बँकवाला दचकतो. परतफेडीचा मार्ग काय, तर एका विद्यार्थ्याने परदेशात कुस्ती जिंकावी! असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर नकाराचा शेरा मारला असता.

जुलै १९५२ मध्ये बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते हरले. एक दमवणारी लढत संपते न संपते तोच दुसरीला उभे राहावे लागले आणि विश्रांतीचा हक्क मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. तरी कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. ते लिअँडर पेसचे.

गावाकडे शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल उतरल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. पदकाइतकीच ही वसुली मला मोठी वाटते.

इंग्लंडात फुटबॉलपटूचे पाय थकले की तो एखाद्या छोट्या गावच्या संघाचा व्यवस्थापक होतो आणि पावसात मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांना घडवतो. आपल्याकडे अशा माणसाला वस्ताद म्हणतात. खाशाबा मात्र १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. तिथल्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

मग आपल्याला जाग आली. मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर अर्जुन पुरस्कार, २०१० मध्ये दिल्लीच्या कुस्ती संकुलाला नाव, आणि आता त्यांचा जन्मदिवस हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकले, तेव्हा बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या घरात दुसरे वैयक्तिक पदक आले. खाशाबांनी आपले कर्ज वेळेत फेडले. त्यांचे आपल्याकडे जे येणे होते, ते थकीतच राहिले.

मी परत पाठवलेला तो पैलवान आज साठीकडे झुकला आहे. त्या स्पर्धेला तो जाऊ शकला नाही. सध्या तो पोरांना डाव शिकवतो. बिंदुसरेच्या बाजूने सकाळी फिरायला जाताना मी कधीकधी त्याच्या तालमीशी थांबतो. जुना विषय तो काढत नाही, मलाही धीर होत नाही. गेल्या वर्षी त्याच्या एका पोराला स्पर्धेसाठी बूट हवे होते. मी पैसे दिले, कागद मागितला नाही. पोराने विचारले, परत कधी द्यायचे? मी वस्तादांकडे पाहिले. ते आखाड्यातली माती उकरत होते.