वेणू बाप्पू परत गेले, त्याची गोष्ट

आम्ही म्युनिकची मराठी मंडळी जमलो की भारतात परत जायचं का, हा विषय निघतोच. तेव्हा मला हमखास आठवतात वेणू बाप्पू. १९ ऑगस्ट १९८२ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, ते याच शहरात वारले. वय अवघं ५५.

जन्म मद्रासचा, १९२७चा. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला, त्यामुळे दुर्बिणीशी मैत्री लहानपणापासूनच. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९४९मध्ये हार्वर्डला पोचले. काही महिन्यांतच फोटोच्या काचेवर त्यांना नवा धूमकेतू सापडला. बाप्पू-बोक-न्यूकर्क हे त्याचं नाव. पुढे कॅलिफोर्नियात पालोमारला गेले. तिथे ऑलिन विल्सन यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं, की थंड ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमची जी चमकती रेघ असते, तिच्या रुंदीवरून ताऱ्याचं खरं तेज कळतं. आणि तेज कळलं की अंतरही काढता येतं. विल्सन-बाप्पू परिणाम म्हणतात तो हाच.

अशा माणसाला अमेरिकेत काय कमी होतं? तरी १९५३मध्ये ते परतले. उत्तर प्रदेशची वेधशाळा नैनीतालला नेऊन उभी केली. १९६०मध्ये कोडाईकनालचे संचालक झाले. पण ती जागा सूर्याच्या अभ्यासाची. रात्रीच्या वेधांसाठी त्यांनी तमिळनाडूतल्या जवादी डोंगरात कावलूर निवडलं. विषुववृत्त जवळ, त्यामुळे दक्षिणेकडचं आकाशही बरंच दिसतं. १९६८मध्ये ३८ सेंटिमीटरच्या, संस्थेतच बनवलेल्या दुर्बिणीने काम सुरू झालं. १९७२मध्ये एक मीटरची झाईस दुर्बीण आली. १९७७मध्ये युरेनसभोवतीच्या कड्यांचा वेध घेण्यात तिचाही वाटा होता.

त्यानंतरची मोठी दुर्बीण, २.३४ मीटरची, भारतातच घडवायची असा त्यांचा हट्ट. १९७९मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे अध्यक्ष झाले, पण या दुर्बिणीचा ध्यास सुटला नाही. ती सुरू झाली जानेवारी १९८६मध्ये. राजीव गांधींनी उद्घाटन केलं आणि दुर्बिणीला बाप्पूंचंच नाव दिलं. ते पाहायला ते नव्हते.

परत जाणं न जाणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी कुणाला सांगणार नाही. पण आपण म्हणतो ना, तिकडे सोयी झाल्या की बघू. बाप्पू परतले तेव्हा सोयी नव्हत्याच. त्यांनी त्या केल्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी त्यांना स्वतःला वापरायला मिळाली नाही. सुट्टीत बेंगळुरू-चेन्नई रस्त्याने जाणं झालं, तर वाणियंबाडीहून वाट जरा वाकडी करा. कावलूर तिथून फार लांब नाही.