नळाच्या पाण्याने घोळ घातला आणि ऑपरेशन थिएटरला 'रिंगर'ची बाटली मिळाली

घरातलं कुणी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलं की आपली नजर सारखी स्टँडला टांगलेल्या बाटलीकडे जाते. किती राहिली, संपत आली का, सिस्टरला बोलवायचं का. पण त्या बाटलीवर काय लिहिलंय ते आपण वाचत नाही. आपल्यासाठी ते सगळं 'सलाईन'च.

ऑपरेशनच्या पेशंटला लावलेल्या बाटलीवर बऱ्याचदा 'रिंगर लॅक्टेट' असं लिहिलेलं असतं. डॉक्टर त्याला आरएल म्हणतात. यातलं रिंगर हे एका माणसाचं आडनाव आहे आणि हे नाव बाटलीवर येण्यामागे एक मोठी गडबड आहे.

सिडनी रिंगर यांचा जन्म 1830च्या दशकातला, इंग्लंडच्या नॉर्विच शहरातला. वडील लवकर गेले. एक भाऊ फ्रेडरिक जपानच्या नागासाकीत जाऊन मोठा व्यापारी झाला, इतका की आजही जपानमध्ये त्याच्या नावावरून 'रिंगर हट' ही हॉटेलांची साखळी चालते. सिडनी मात्र 1854 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकायला आले आणि डॉक्टर झाल्यावरही तिथेच राहिले. तिथल्याच हॉस्पिटलमध्ये पेशंट तपासले, तिथेच प्रोफेसर झाले. औषधोपचारांवरचं त्यांचं पुस्तक 1869 मध्ये आलं आणि 13 आवृत्त्यांपर्यंत गेलं.

म्हणजे नाव झालं होतं, प्रॅक्टिस जोरात होती. तरीही पेशंट तपासून झाले की हा माणूस वेळ काढून प्रयोगशाळेत जायचा. तिथे त्यांचा प्रश्न साधा होता. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तर ते कशामुळे धडधडत राहतं?

आता तुम्ही म्हणाल, याचा सलाईनशी काय संबंध? तर शिरेतून मिठाचं पाणी देण्याची कल्पना तेव्हा नवीन नव्हती. 1832 मध्येच स्कॉटलंडच्या थॉमस लाटा या डॉक्टरने कॉलराच्या पेशंटवर तो प्रयोग केला होता. पण रक्ताच्या जागी जे द्यायचं, त्यात नेमकं काय आणि किती हवं, याचा पत्ता नव्हता.

रिंगर यांनी बेडकाच्या हृदयाला मिठाचं पाणी दिलं आणि ते छान चालू राहिलं. 1882 मध्ये त्यांनी तसं छापूनही टाकलं. नंतर लक्षात आलं की सहाय्यकाने द्रावण बनवताना डिस्टिल्ड वॉटर वापरलंच नव्हतं. त्याने सरळ नळाचं पाणी घेतलं होतं. मग शुद्ध पाण्यात तेवढंच मीठ टाकून प्रयोग पुन्हा केला, तर हृदय थोड्याच वेळात थांबलं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. रिंगर यांनी 1883 मध्ये नवा पेपर लिहिला आणि आधीचं पाणी नळाचं होतं हे उघड सांगितलं. लंडनच्या जड पाण्यात चुना होता, म्हणजे कॅल्शियम. हृदयाला आकुंचन पावायला तेच लागत होतं. पुढे त्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचं नेमकं प्रमाण शोधलं. एक जरी कमी-जास्त झालं तरी ठोक्यांचा ताल बिघडत होता. 1885 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

घरी मात्र दुःख होतं. त्यांची एक मुलगी सातव्या वर्षी वारली. तिच्या आठवणीत या कुटुंबाने यॉर्कशायरमधल्या लास्टिंगहॅम गावातल्या जुन्या चर्चचा जीर्णोद्धार केला. निवृत्तीनंतर रिंगर त्याच गावात राहिले आणि 14 ऑक्टोबर 1910 रोजी गेले.

मग बाटलीवरचं 'लॅक्टेट' कुठून आलं? 1930च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन जुलाबाने बेजार झालेल्या मुलांवर उपचार करत होते. अशा मुलांच्या रक्तातलं आम्ल वाढायचं. हार्टमन यांनी रिंगर यांच्या द्रावणात सोडियम लॅक्टेट घातलं. शरीर, विशेषतः लिव्हर, त्याचं बायकार्बोनेट बनवतं आणि आम्ल आटोक्यात येतं.

हेच द्रावण पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये रुळलं. भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. त्यात पेशंट उपाशी असतो, रक्तही जात असतं. साध्या सलाईनमध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असतं आणि त्यातलं क्लोराईड रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त. ते भरमसाठ दिलं की रक्त आम्लाकडे झुकतं. आरएल रक्ताच्या जास्त जवळ जातं. पण तेही सगळीकडे चालत नाही. त्यात कॅल्शियम असल्यामुळे रक्ताच्या पिशवीसोबत एकाच नळीतून ते सहसा देत नाहीत, कारण गुठळी होण्याची भीती असते.

आणि किती द्यायचं, हा वाद अजून संपलेला नाही. जास्त झालं तर फुफ्फुसात पाणी साचतं, आतडी सुजतात. मग कमीच द्यावं का? पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या सुमारे 3,000 पेशंटवरचा एक अभ्यास 2018 मध्ये आला. त्यात हात आखडून फ्लुइड दिलेल्यांपैकी 8.6 टक्के लोकांच्या किडनीला इजा झाली, तर नेहमीप्रमाणे दिलेल्यांमध्ये हे प्रमाण 5 टक्के होतं. म्हणूनच भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर बीपी, लघवी आणि गेलेलं रक्त यांवर नजर ठेवून बाटलीचा वेग ठरवत असतात.

आपल्याकडे मात्र जरा थकवा आला की लोक डॉक्टरांच्या मागे लागतात, एक सलाईन लावा म्हणजे ताकद येईल. साध्या आरएलमध्ये साखर नसते, त्यामुळे ताकदीचा तसा प्रश्नच येत नाही. ते एक औषध आहे. कधी, कोणतं आणि किती, यावर त्याचा फायदा-तोटा ठरतो. हाच धडा रिंगर यांना एका बेडकाच्या हृदयाने दिला होता. पुढच्या वेळी हॉस्पिटलमध्ये गेलात की बाटलीवरचं नाव तेवढं वाचा.