खटल्यानंतरची रखमाबाई

रखमाबाईंचं नाव तुमच्या कानावर गेलं असेल तर बहुतेक दोन कारणांनी. एक म्हणजे २२ नोव्हेंबर २०१७ ला गुगल उघडल्यावर साडी नेसलेली, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एक बाई दिसली होती. ते रखमाबाईंच्या जन्मदिवसाचं डूडल. नाहीतर परीक्षेत कधीतरी पाच मार्कांची टीप आली असेल. टीप लिहिताना आपण काय करतो? बालविवाह सांगतो, कोर्टातला खटला सांगतो, संमतीवयाचा कायदा सांगतो आणि शेवटी ‘पुढे त्या डॉक्टर झाल्या’ एवढं टाकून पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

खटला चालला चार वर्षं. आणि ‘पुढे त्या डॉक्टर झाल्या’ या एका ओळीत पस्तीस वर्षांची नोकरी आहे. प्लेग, दुष्काळ, पहिलं महायुद्ध, रेडक्रॉस, इन्फ्लुएन्झा, सगळं त्या ओळीतच दबलेलं आहे.

तरी खटला टाळून पुढे जाता येत नाही, म्हणून तो आधी थोडक्यात.

रखमाबाई जन्मली १८६४ साली, मुंबईत. बाप ती लहान असतानाच गेला. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाली. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. लग्नाआधी नवऱ्याची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर केली. सावत्र बाप म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे एक ठरलेलं चित्र येतं, पण हा माणूस निराळा होता. डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या स्थापनेत दोनच भारतीय होते, त्यातले हे एक.

अकराव्या वर्षी रखमाबाईचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लावलं गेलं. घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, असं ठरलं होतं. दादाजी शिकला नाही आणि मामाकडे जाऊन राहिला. ती मात्र आईवडिलांकडेच राहिली. शाळा सुटली होती, पण मिळतील तिथून पुस्तकं आणून वाचत राहिली. १८८४ साली दादाजीने हक्क सांगितला: बायको नांदायला पाठवा. ती नाही म्हणाली. न कळत्या वयात, मला न विचारता लावलेलं लग्न मी मानत नाही, असा तो नकार होता. त्याच सुमारास टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं छापून आली. लिहिणारी हीच, हे लोकांना नंतर कळलं.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती तुरुंगात जायला तयार झाली. देशभर गदारोळ उठला. टिळकांच्या ‘केसरी’ने तिच्याविरुद्ध लेखणी चालवली, हेही इथेच सांगितलेलं बरं; मोठ्या माणसांची ही बाजू टिपेत सहसा येत नाही. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. (आणि तसा दावा आजही करता येतो बरं का. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ काढून वाचा. फरक इतकाच की आता बायकोही तो लावू शकते, आणि नाही म्हटल्यावर तुरुंग नाही.)

आता खटल्यानंतरची गोष्ट.

कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईला डॉक्टर व्हायला सुचवलं आणि त्यासाठी पैसा उभा करायला मदत केली. या पीचीबाई साध्या नव्हत्या. १८६९ साली एडिनबरात वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातलेल्या पहिल्या सात मुलींपैकी त्या एक. परीक्षेला जाताना त्या मुलींवर जमावाने चिखल फेकला होता. तेव्हा कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आलेल्या मुलीची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नसणार.

१८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाली. प्रत्यक्ष रुग्णांवरचं शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये. १८९४ पर्यंत स्कॉटलंडची पदवी हातात आली, एमडी ब्रुसेल्सहून मिळवली. परत आली ती डॉक्टर होऊन. म्हणून इथून पुढे ‘त्या’.

एक गैरसमज इथेच मिटवू. ‘भारतातली पहिली महिला डॉक्टर’ ही पाटी त्यांना सारखी लावली जाते. ती बरोबर नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, दवाखाना सुरू करण्याआधी गेल्या. कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली तेव्हाच प्रॅक्टिस करू लागल्या होत्या. रखमाबाईंचं मोठेपण क्रमांकात शोधू नये. त्या टिकल्या, आणि कामात टिकल्या, ते जास्त अवघड होतं.

१८९५ साली त्या सुरतला स्त्रियांच्या हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. प्रमुख म्हणजे काय, हे आपल्याला सिव्हिलमध्ये केसपेपर काढायला रांगेत उभं राहिल्यावर थोडं कळतं. डॉक्टर पेशंट तपासतात ते आपल्याला दिसतं. पण औषधांचा साठा कोण बघतं, नर्सच्या पाळ्या कोण लावतं, पैसे कमी पडले तर कोणाच्या दारात जायचं, रात्री दोनला बाळंतपणाची केस आली तर कोण उठणार, हे दिसत नाही. त्या काळी या यादीत आणखी एक काम होतं, सगळ्यात कठीण. पेशंटला हॉस्पिटलपर्यंत आणणं.

ही हॉस्पिटलं बायकांपुरती वेगळी का होती, ते लक्षात घ्या. परक्या पुरुषाने नाडी धरायची नाही म्हणून बायका घरीच दुखणं काढायच्या, घरीच बाळंत व्हायच्या आणि पुष्कळदा घरीच मरायच्या. १८८५ साली व्हाइसरॉय डफरिन यांच्या पत्नीच्या नावाने निधी उभारला गेला, त्यातून ठिकठिकाणी ‘जनाना’ हॉस्पिटलं निघाली. पण इमारत बांधली म्हणून बाई येत नाही. हॉस्पिटल म्हणजे मरायला जायची जागा, अशी समजूत. तिथे परजातीच्या हातचं पाणी प्यावं लागेल ही भीती वेगळीच. त्यात समोर बसलेली डॉक्टर कोण? जिने नवऱ्याला कोर्टात खेचलं, अशी जिची ख्याती, ती. खरं तर कोर्टात तिलाच खेचलं होतं, पण लोकांच्या तोंडी गोष्ट उलटी व्हायला वेळ लागत नाही.

दोनएक वर्षं होतात तोच प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत उघड झालेली साथ गुजरातेतही पसरली. सरकारी उपाय दांडगे होते. घरात शिरून तपासणी, आजारी माणसाला उचलून नेणं, बाईमाणसाला परक्या पुरुषासमोर उभं करणं. पुण्यात याच रागातून १८९७ मध्ये रँडचा खून झाला. अशा वेळी बायकांच्या दुखण्यापर्यंत पोचू शकणारी, आपल्या देशातली आणि स्वतः साडी नेसणारी डॉक्टर असणं ही सोय नव्हती, गरज होती. त्यानंतर लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ. गुजरातेत अजून त्याला छप्पनियो म्हणतात, विक्रम संवत १९५६ चा म्हणून. सुरतमध्ये त्या बावीसएक वर्षं राहिल्या.

मधे १९०४ साली दादाजी वारला. आणि ज्या लग्नाला नाही म्हणून त्या तुरुंगात जायला निघाल्या होत्या, त्या लग्नाच्या नवऱ्यासाठी रखमाबाईंनी विधवेचं पांढरं पातळ नेसायला घेतलं. हे वाचून आपण गोंधळतो. आपल्याला बंडखोर माणूस सगळीकडे सारखाच बंडखोर हवा असतो. मला त्यात एक शक्यता दिसते, की घरोघरच्या बायकांनी विश्वासाने आत घ्यावं असं काम करणाऱ्या बाईला समाजाशी एकाच वेळी किती ठिकाणी भांडता येईल, याचाही हिशेब करावा लागत असेल. कदाचित त्यांना मनापासून तसंच वाटलं असेल. दोन्ही असू शकतं.

१९१४ साली युद्ध सुरू झालं. युरोपातल्या राजांचं भांडण, पण समुद्रापलीकडे लढायला आणि राबायला इथून दहा लाखांवर माणसं गेली. त्यातली चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या. एप्रिल १९१६ मध्ये उपाशीपोटी शरण जावं लागलं. तिथल्या जखमींचे हाल तर इतके झाले की विलायतेत चौकशी आयोग बसला. बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांतून, मग बोटींच्या उघड्या डेकवर, दिवसेंदिवस पट्टी न बदलता माणसं बसऱ्याला आणली जात होती. १९१७ च्या अहवालात आयोगाने वैद्यकीय व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. शौर्य कमी पडलं नव्हतं. पट्ट्या, बोटी, डॉक्टर आणि त्या सगळ्याची आधीपासून केलेली तजवीज कमी पडली होती.

मदत पाठवणं आणि मदत पोचणं यातलं अंतर आपल्या जिल्ह्याला नवं नाही. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याकडे ट्रकच्या ट्रक आले होते. कोणाला काय मिळालं आणि कोणाला नाही, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. रेडक्रॉसचं काम नेमकं या अंतरातलं आहे. तेव्हा इंडियन रेडक्रॉस सोसायटी अजून स्थापनच झालेली नव्हती, तिचा कायदा १९२० चा. त्याआधी सेंट जॉन अँब्युलन्स आणि ब्रिटिश रेडक्रॉस यांची एकत्र समिती काम बघायची. गावोगाव कपडे, पट्ट्या, अंथरूण-पांघरूण, पैसा गोळा करायचा आणि युद्धावरच्या व बंदरावरच्या इस्पितळांना पुरवायचा. मुंबईत तर नव्या बांधलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मूर्ती ठेवण्याआधी जखमी सैनिकांच्या खाटा पडल्या होत्या.

या युद्धाच्या शेवटच्या काळात रखमाबाईंपुढे दोन वाटा होत्या. सरकारच्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांना जागा देऊ केली गेली. १९१४ साली सुरू झालेली ही सेवा म्हणजे तेव्हाच्या डॉक्टर बायकांसाठी मानाची जागा. तीस वर्षांपूर्वी याच सरकारच्या कोर्टाने त्यांना तुरुंग दाखवला होता. त्यांनी ती जागा नाकारली आणि त्या काठेवाडात, राजकोटच्या रसूलखानजी जनाना हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. वय पन्नाशी ओलांडलेलं. या वयात माणसं बस्तान हलवत नाहीत.

राजकोटमध्ये त्यांनी रेडक्रॉसची शाखा सुरू केली. युद्धकाळातल्या कामाबद्दल रेडक्रॉसने त्यांना पदक दिलं. डफरिनच्या हॉस्पिटलांभोवती तोवर जे जाळं विणलं गेलं होतं, दाया, नर्स, दान देणाऱ्या बायका, त्याचा उपयोग अशा कामात कसा होतो ते सुरतच्या बावीस वर्षांनी त्यांना शिकवलं असणार. ज्या बायका घराबाहेर पडत नव्हत्या, त्यांच्या शिवणकामाला आणि दागिन्यातल्या रुपयाला बाहेरची वाट मिळाली. शिवाय युद्ध संपता संपता सैनिकांच्या जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झा आला. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या त्या तापाने काही महिन्यांत देशात सव्वा कोटींहून जास्त माणसं नेली. कोरोनाचे दिवस ज्यांनी हॉस्पिटलच्या आवारात काढले त्यांना खाटा, कर्मचारी आणि भीती यांचं गणित वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे धाराशिवला २०२२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. शंभर जागा. त्यातल्या पुष्कळ मुलींच्या आज्यांची लग्नं अकराव्या-बाराव्या वर्षी झालेली असतील. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत अजूनही लवकर उरकायची घाई असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे रखमाबाईंची पहिली गोष्ट आपल्याला जवळची वाटते. दुसरी कोणी सांगत नाही, कारण तिच्यात कोर्ट नाही, आरडाओरडा नाही. रोज सकाळी वॉर्डात जाणं आहे.

१९३० च्या आसपास त्या निवृत्त होऊन मुंबईला आल्या. १९२९ साली त्यांची एक पुस्तिका निघाली, पडद्याची चाल मोडली पाहिजे हे सांगणारी. पडद्यातल्या बायकांसाठी म्हणून उभारलेली हॉस्पिटलं पस्तीस वर्षं चालवणाऱ्या बाईने पासष्टीच्या उंबरठ्यावर लिहिलं ते असं. २५ सप्टेंबर १९५५ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने त्या गेल्या, तेव्हा एक्क्याण्णवावं वर्ष चालू होतं.